हाव चॅप्टरची हवी, मरीनची नको

वॉरहॅमर 40,000 या छोट्या मूर्ती रंगवून खेळायच्या युद्धखेळासाठी तुम्ही रचलेली चॅप्टर, म्हणजे स्पेस मरीनची हजार जणांची स्वतंत्र फौज, वाचली. पैशासाठी लढणारे स्पेस मरीन (शरीरात बदल करून घडवलेले महाकाय योद्धे), चिलखतावर मोहरा, गळ्यात साखळ्या, आणि वाचणारे हसतात अशी तुमची तक्रार. हसणारच. माझ्या पहिल्या अशा चॅप्टरला आमच्या गटात ‘सराफ बाजार’ म्हणायचे.

अडचण अशी की स्पेस मरीनला पगार नाही, बायकापोरं नाहीत, वारसही नाही. तो सोनं घेऊन करणार काय? तेव्हा हाव त्या हजार जणांच्या गळ्यात घालू नका, संस्थेच्या वहीत घाला. आणि त्यासाठी त्यांना आधी कर्जात बुडवा.

चौथ्या क्रुसेडचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाचं, उदाहरण घ्या. 33,500 माणसं समुद्रापलीकडे न्यायची म्हणून 1201 मध्ये व्हेनिसशी 85,000 चांदीच्या मार्कांचा करार झाला. जहाजं बांधून तयार झाली, पण माणसं आली जेमतेम एक तृतीयांश. सगळ्यांनी होतं नव्हतं ते दिलं तरी 34,000 मार्क कमी पडले. मग व्हेनिसच्या सांगण्यावरून 1202 मध्ये त्यांनी झारा हे ख्रिस्ती शहर घेतलं, आणि 1204 मध्ये थेट कॉन्स्टँटिनोपल लुटलं. निघाले होते धर्मयुद्धाला! यात हाव होतीच, पण तिला रेटणारा होता सावकार.

तुमचा सावकार मंगळावर बसलेला आहे. एका हरलेल्या युद्धात चॅप्टरची निम्मी जहाजं गेली, मंगळाच्या यंत्रपुरोहितांनी नवी दिली, पण अटी घालून. आता हे लोक ज्या ग्रहाला वाचवतात त्याच्यापुढे युद्धखर्चाचं बिल ठेवतात. धान्य, खनिज, तरुण पोरं, जे मिळेल ते. पैसे भरू न शकणाऱ्या ग्रहाकडून मदतीची हाक आली की काय करायचं, यावर त्यांच्यात भांडणं होऊ द्या. तुमची खरी गोष्ट तिथे आहे.

एक धागा तर तयारच आहे. प्रत्येक चॅप्टरला आपल्या जीन-सीडचा (ज्यापासून नवे मरीन घडवतात त्या बीजाचा) पाच टक्के वाटा मंगळाला द्यावा लागतो. अ‍ॅस्ट्रल क्लॉज या चॅप्टरच्या प्रमुखाने, ह्युरॉनने, तो थकवला आणि पुढे बदाबचं युद्ध पेटलं. लुटीकडे इम्पीरियम, म्हणजे खेळातलं माणसांचं साम्राज्य, काणाडोळा करेल, थकलेल्या वाट्याकडे नाही. कर्जबाजारी चॅप्टरला नेमका तोच वाटा दाबून ठेवायचा मोह होईल.

शिस्तीसाठी एक गोष्ट आपल्या घरची उचला. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचा नियम आहे: मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची नोंद, परतल्यावर झडती, आणि जास्तीचं निघालं तर ते हिशेबात धरून पगारातून वजा. तुमच्या मरीनना पगार नसल्यामुळे वजावट सोडा, झडती ठेवा. सात-आठ फुटी योद्धा हात पसरून उभा आहे आणि एक म्हातारा कारकून स्टुलावर चढून त्याचा पट्टा तपासतोय. एवढ्या एका प्रसंगाने तुमची अर्धी प्रस्तावना लिहायची गरजच उरणार नाही.

बिल बुडवणारा गिऱ्हाईकही हवाच. कॅटलान कंपनी या भाडोत्री सैनिकांच्या फौजेला अथेन्सच्या ड्यूकने भाड्याने घेतलं, काम झाल्यावर थोडे ठेवून बाकीच्यांना पैसे न देता वाटेला लावलं. 1311 मध्ये त्यांनी त्यालाच लढाईत मारलं आणि त्याचं राज्य घेऊन बसले. तुमच्या चॅप्टरचा मूळ ग्रह असाच, बुडीत बिलाच्या बदल्यात हाती आलेला असू दे. तिथली माणसं त्यांना रक्षक म्हणणार नाहीत, जप्तीवाले म्हणतील.

रंगाचं म्हणाल तर सोनेरी काढून टाका. ठिगळं लावलेलं, तीन वेगवेगळ्या जुन्या चिलखतांचे भाग जोडलेलं करडं लोखंड रंगवा. सोनं असेल तर ते तिजोरीत, हप्ता जाईपर्यंत.