गॅरेजमधून उत्तरं: रिव्हेट काढले, आता काय लावू?

प्रश्न: माझ्याकडे 2007ची जिप्सी आहे. आधीच्या मालकाने चारही चाकांवर प्लॅस्टिकचे रुंद फ्लेअर (कमानीबाहेर येणाऱ्या पट्ट्या), दारांखालच्या पट्टीवर ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट आणि इंजिनखाली पत्र्याचा गार्ड लावून घेतला, तोही सगळा पॉप रिव्हेटने, म्हणजे तोडल्याशिवाय न निघणाऱ्या पोकळ खिळ्यांनी. पावसाळ्यात मागे चिखल साचतो, धुता येत नाही, फ्लेअरच्या आत गंज धरू लागलाय. आता उघडता-लावता येईल असं काही बसवायचं आहे. पुढच्या फेंडरला आतून हात पोचतो, मागच्या चाकांजवळ बऱ्याच ठिकाणी आतली बाजू बंद आहे. एक मिस्त्री म्हणतो सगळीकडे रिव्हनट (भोकात बाहेरूनच फुगवून बसवायचे, आत आट्या असलेले नट) मारू, मित्र म्हणतो सगळं स्टेनलेस घे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: दोघांचंही थोडं थोडं ऐका. एकच माल सगळीकडे लावला की दुकानदाराचं काम सोपं होतं, गाडीचं नाही.

मी आधी एवढंच बघतो की त्या जागेच्या मागे बोटं पोचतात का. पोचत असतील तर आरपार बोल्ट, दोन्हीकडे मोठा वॉशर आणि मागे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहज ढिला न होणारा नट. याला तोड नाही. बिघडला तर पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच काय, चिपळूणच्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे दुसरा मिळतो. रिव्हनट तिथेच, जिथे मागून पोचताच येत नाही. रिव्हनट वाईट नाही. विमानाच्या पंखांवर बर्फ तोडणारे रबरी पट्टे बसवायला तो 1930च्या दशकात अमेरिकेत निघाला, तेव्हाही अडचण हीच होती की मागून हात जात नव्हता. पण तो पातळ पत्र्याला नुसता आवळून बसलेला असतो. आत वाळू जाऊन बोल्ट अडकला की अख्खा रिव्हनट बोल्टबरोबर गरगर फिरायला लागतो, आणि मग ग्राइंडरशिवाय गत्यंतर नाही. हात पोचतो तिथे हे दुखणं विकत कशाला घ्यायचं?

फ्लेअरपासून सुरू करा. तुमचे रिव्हेट बहुधा 4.8 मिलिमीटरचे असतील, म्हणजे भोक साधारण 5 चं. ते 5.5 केलं की एम5, म्हणजे 5 मिलिमीटर जाडीचा बोल्ट जातो. पत्र्याला फारशी इजा नाही. एम6चा रिव्हनट बसवायला मात्र 9 मिलिमीटरचं भोक लागतं, एम5ला 7 चं. चाकाच्या कमानीची दुमडलेली कड बोटभर रुंद असते. तिच्यात 9 चं भोक पाडलं तर कडेला उरतं काय? मागच्या बंद जागी म्हणूनच एम5 पुरे. फ्लेअरला वजन काहीच नाही.

इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात. प्लॅस्टिक उन्हात वाढतं, आणि पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त वाढतं. मीटरभर लांबीचा एबीएसचा (फ्लेअरचं नेहमीचं कडक प्लॅस्टिक) फ्लेअर तापमान 30 अंशांनी चढलं की दोन-अडीच मिलिमीटर लांब होतो, पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटरही नाही. रिव्हेटने जाम केलेल्या फ्लेअरला भोकापासून तडे जातात ते यामुळे. म्हणून मधलं एक भोक नेमकं ठेवा, बाकीची भोकं फ्लेअरमध्ये (पत्र्यात नव्हे) लांबट करा, वर मोठा वॉशर द्या आणि बोल्ट वॉशर हाताने फिरवता येणार नाही इतपतच आवळा. फ्लेअर आणि रंग यांच्यामध्ये रबरी बीडिंग घाला, नाहीतर कड थरथरून रंग खाते आणि तुम्ही ज्या गंजासाठी हा खटाटोप केला तो पुन्हा तिथूनच सुरू होतो.

आणि फ्लेअरच्या बोल्टना लॉकटाइट, म्हणजे आट्या पकडून ठेवणारा पातळ गोंद, लावू नका. निळं 243 मी स्वतः भरपूर वापरतो, पण लोखंडाला लोखंड असेल तिथे. हा द्रव एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटवर ओघळला तर ताण असलेल्या जागी बारीक चिरा पडतात. प्लॅस्टिकजवळ नायलॉकच बरा. स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका. बोल्ट ढिले होतात ते मुख्यतः दोन पत्रे एकमेकांवर आडवे सरकल्यामुळे, हे गेरहार्ड युंकर यांनी 1969मध्येच दाखवून दिलं. अशा आडव्या थरथरीत स्प्रिंग वॉशर जवळपास नुसता प्रेक्षक असतो. तरी आपल्याकडे डबा भरून विकला जातोच.

आता स्टेनलेस. मित्राची भावना कळते, कोकणात साधा बोल्ट दोन पावसाळ्यांत लाल होतो. पण दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी असलं की एक धातू दुसऱ्यासाठी स्वतःला झिजवतो, आणि लहान तुकडा झिजणारा असेल तर तो फार लवकर जातो. तुमच्या गाडीवर आत्ताच हे चाललंय. एखाद्या ॲल्युमिनियम रिव्हेटची टोपी नखाने खरवडून बघा. खाली पांढरी भुकटी निघेल. एवढासा ॲल्युमिनियमचा ठिपका आणि चहूकडे लोखंडाची अख्खी बॉडी, त्यात तो ठिपका हरणारच. याच कारणासाठी ॲल्युमिनियमचे रिव्हनट घेऊ नका. स्वस्त असतात, हाताच्या गनने सहज बसतात, म्हणून मिस्त्रीला आवडतात. लोखंडी बॉडीला लोखंडीच, झिंक चढवलेले रिव्हनट घ्या, आणि शक्यतो मागून बंद तोंडाचे, म्हणजे त्यातून बॉडीच्या पोकळीत पाणी शिरत नाही.

चेकर्ड प्लेटवर स्टेनलेस बोल्ट चालतील. तिथे गणित उलटं आहे, लहान बोल्ट आणि मोठी प्लेट, त्यामुळे नुकसान हळू होतं. तरी बोल्टखाली नायलॉनचा वॉशर द्याच. प्लेट बॉडीला घट्ट चिकटवण्यापेक्षा मध्ये तीन-चार मिलिमीटरचे नायलॉन स्पेसर ठेवा; पाइपने पाणी मारलं की माती खालून वाहून जाईल. प्लेटवर पाय ठेवून चढणार असाल तर एम6. आणि दारांखालची ती पट्टी बॉडीच्या ताकदीचा भाग आहे, तिच्यात नवी भोकं पाडत बसू नका; आहेत तीच वापरा, नको ती बुजवा.

स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेसचाच नायलॉक नट मशीनने गर्रकन आवळलात तर धातू धातूला धरतो. नट ना पुढे जात, ना मागे येत, शेवटी बोल्ट पिळून तुटतो. आट्यांना अँटी-सीझ (त्या जाम होऊ न देणारं वंगण) लावा आणि हाताच्या पान्याने सावकाश आवळा. रिव्हनटवर तर इम्पॅक्ट गन नकोच.

डोकं षटकोनीच घ्या. बटण डोक्याचे ॲलन बोल्ट दिसतात झकास, पण त्यांच्या खाचेत लाल माती भरून वाळली की ती दाभणाने कोरत बसावं लागतं, तेही घाटात, पावसात. एम6 असेल तर तुमच्या टूलकिटमधला 10-11चा पाना पुरतो. पाव फेरीत उघडणारे डझस पद्धतीचे फास्टनर विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या बॉनेटवर छान. चाकाजवळच्या चिखलात त्यांच्या स्प्रिंगा लवकरच हट्ट धरतात. प्लॅस्टिकचे पुश क्लिप आतल्या चिखलरोधक पत्र्याला ठीक आहेत, त्यापलीकडे नाही.

इंजिनखालचा गार्ड पॉप रिव्हेटवर आहे हे वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. ओढ्यातला एक दगड लागला की तो उलटा वळून रस्त्यावर घासत जाईल. तो काढा आणि चॅसिसवर आधीपासून आट्या असलेल्या जागांवर कंस (ब्रॅकेट) बनवून 8.8 ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, एम8 बोल्टने बसवा. बोल्टची डोकी पत्र्यात खोलगट वॉशरमध्ये बुडालेली हवीत, नाहीतर दगड ती घासून गोल करतात आणि गार्ड पुन्हा उघडता येत नाही.

रिव्हेट काढताना आधी मधली खिळी बारीक पंचने आत ढकला, मग 4.8चा बिट. रिव्हेट बिटाबरोबर फिरायला लागला तर टोपीखाली पातळ छिन्नी दाबून धरा. तुटलेली शेपटं पोकळीत पडतात, ती चुंबकाने निघत नाहीत कारण बरीचशी ॲल्युमिनियमची असतात, व्हॅक्यूमने ओढा. प्रत्येक भोकाची कड घासून झिंक प्रायमर लावा, वाळू द्या, मगच बोल्ट. रिव्हनट आधी तेवढ्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर बसवून बघा. पाकिटावर लिहिलेल्या जाडीच्या मर्यादेत पत्रा नसेल तर तो नीट फुगत नाही आणि पहिल्याच दिवशी फिरतो.

कंपनीची नंबर प्लेट, म्हणजे चॅसिस नंबर कोरलेली ती छोटी पट्टी, तिच्या रिव्हेटना हात लावायचा नाही. उत्साहाच्या भरात तेही काढून चकचकीत बोल्ट लावलेले मी पाहिलेत. आरटीओत पासिंगच्या वेळी त्यावर काय उत्तर देणार?

प्रश्न: आमच्याकडे वडिलांच्या वेळची जुनी महिंद्रा जीप आहे. चॅसिसच्या आडव्या पट्टीचे दोन रिव्हेट हलतात. बोल्ट लावले तर चालेल का?
– एक वाचक, वाई

उत्तर: चालेल, पण वरच्या उत्तरातलं काहीही तिथे लावू नका. चॅसिसचा रिव्हेट ठोकताना फुगून भोक गच्च भरतो, म्हणून जोड सरकत नाही. तिथे ढिल्या भोकात बोल्ट घातला तर तो कितीही आवळा, जोड पुन्हा कुरकुरणार. दोन्ही पत्रे एकत्र धरून भोक रीमरने (भोक नेमक्या मापाला गुळगुळीत करणारं हत्यार) गोल करून घ्या आणि त्यात हलका ठोकूनच जाईल अशा मापाचा, किमान 8.8 ग्रेडचा बोल्ट बसवा. दोन पत्र्यांच्या सांध्यावर बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा, आट्या नव्हेत. नट पूर्ण धातूचा लॉकनट घ्या. जीप जुनी असेल तर तिच्यावरचे मूळ बोल्ट इंच मापाचे असण्याची शक्यता मोठी आहे, मापं घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नका. आणि बोल्टच्या आधी त्या दोन भोकांभोवतीचा रंग खरवडून भिंगाने तडे शोधा. तडा असेल तर रिव्हेट की बोल्ट हा प्रश्नच उरत नाही, आधी चॅसिसचं काम करणाऱ्या चांगल्या वेल्डरकडे जा.