कोणता गट, कोणता पार्ट? वाचकांचे प्रश्न

ऑटोक्रॉस किंवा टाइम ट्रायलमध्ये ट्रॅकवर एका वेळी एकच गाडी सुटते आणि निकाल घड्याळावर लागतो. आपल्याकडच्या काही शंकरपटांत जोडी एकेकटी सोडतात, तसंच. बैलांचे गट असतात तसे इथे गाड्यांचेही गट असतात. कुठे इंजिनाच्या सीसीवर, कुठे केलेल्या बदलांवर, कुठे ताकद आणि वजनाच्या गुणोत्तरावर. या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत पार्ट आधी ठरलेला दिसतो आणि गटाचा प्रश्न मागाहून आलेला. उलटं करा. आयोजक स्पर्धेआधी नियमपत्र काढतो. ते हातात आल्याशिवाय पाना उचलू नका.

प्रश्न : माझी २००७ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. धूर मारते, ऑइल खाते. मिस्त्री म्हणतात बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकू, ताकदही थोडी वाढेल. ज्या स्पर्धेत उतरायचं आहे तिथे एक गट '१३०० सीसीपर्यंत' असा आहे. चालेल का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही चालणार. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५.५ मिमी. चार सिलिंडरचे मिळून १२९८ सीसी होतात, म्हणजे मर्यादेच्या आत जेमतेम दोन सीसी. पाव मिमीचा ओव्हरसाइज पिस्टन टाकला की बोअर ७४.२५ होतो आणि इंजिन १३०८ सीसीच्या आसपास जातं. अर्ध्या मिमीचा टाकला तर १३१६ च्या वर. ताकदीतला फरक पाव मिमीला एक टक्काही नाही, पण गट बदलला. वरच्या गटात तुमच्यासमोर १४००-१६०० ची इंजिनं उभी राहतील. पहिल्या तीनांत आलात आणि स्क्रुटिनीत (आयोजकांच्या गाडी-तपासणीत) इंजिनाचं हेड उघडायला सांगितलं, तर मापाला तोंडी खुलासा चालत नाही. जुन्या झेनवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावं. ९९३ सीसीचं ते इंजिन अर्ध्या मिमीने बोअर केलं की १००७ होतं, आणि '१००० पर्यंत'चा गट गेला.

मुळात बोअर करायची गरज आहे का, ते आधी तपासा. सकाळी पहिला स्टार्ट मारताच निळा धूर येतो आणि मग थांबतो, किंवा उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की भपकन निघतो, तर बहुधा व्हॉल्व्ह स्टेम सील गेले आहेत. चढावर, लोड घेताना सतत धूर असेल तर संशय रिंगांवर. खात्रीसाठी गरम इंजिनावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. इंधनाचा पुरवठा बंद, चारही प्लग काढलेले आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा, नाहीतर आकडे खोटे येतात. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर घासला आहे. चढला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे.

सील गेले असतील तर सील बदला. सीसीला धक्का लागत नाही. रिंगा गेल्या पण बोअर मापात आहे, तर त्याच मापाच्या रिंगा टाकून हलकं होनिंग (बोअरची भिंत बारीक घासणं) करून घ्या. बोअरच घासला असेल तर दोन वाटा उरतात. एक, लायनर (सिलिंडरची आतली नळी) बदलून बोअर पुन्हा ७४.०० वर आणणं. हा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि आत लोखंडी लायनर ओतलेले, त्यामुळे ट्रॅक्टरचे लायनर ठोकणाऱ्या लेथवाल्याकडे तो नेऊ नका. हेच काम आधी केलेला कारागीर शोधा. दुसरी वाट, स्टँडर्ड बोअरचं चांगलं जुनं इंजिन. ते टाकलंत तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद दोन्ही लागतात. आणि जाता जाता, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) करताना 'थोडं जास्तच घासून घेऊ, कॉम्प्रेशन वाढेल' असं कोणी सुचवलं तर हात जोडा. स्टॉक गटात (कंपनीतून आली तशाच गाड्यांच्या) तेही मोजतात.

प्रश्न : भाऊ, आमच्याकडं २०१४ ची अल्टो ८०० हाये. बाबाची हाये म्हणून ते इंजिनाले हात लावू देत नाहीत. चाळीस हजार रुपये जमवले हायेत. मिस्त्री म्हणते का स्प्रिंगीचा एक वेढा कापून टाक, गाडी खाली बसते अन् वळणावर चिपकून राह्यते. खरं हाये का? पैसे कशावर टाकू? (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : बाबा इंजिनाला हात लावू देत नाहीत हे तुमच्या फायद्याचंच आहे. ७९६ सीसीच्या इंजिनावर चाळीस हजार ओतून जे सेकंद मिळतील, त्याहून जास्त टायर आणि ब्रेकमधून मिळतात. गटही तोच राहतो.

आधी स्प्रिंग. सहा चालू वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक कापला की ती सुमारे वीस टक्के कडक होते. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचे असतात, त्यांना हा झटका आवरत नाही. गाडी खाली बसल्यामुळे चाकाला वर जायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात बंप स्टॉपचा रबर आपटतो. मुरमाच्या ट्रॅकवर चाक जमिनीला टेकून राहण्याऐवजी उड्या मारतं. टायर हवेत असताना पकड कुठून येणार? वर जॅक लावून चाक लोंबकळतं ठेवलं की कापलेली स्प्रिंग बैठकीतून सैल होते, कधी निसटतेही. स्क्रुटिनीवाला नेमकं तेच करून बघतो. कापलेलं टोक लपत नाही.

आता पैसे. पहिला खर्च टायरचा. तुमच्या गाडीचं मूळ माप १४५/८० आर १२, बाहेरचा व्यास साधारण ५३७ मिमी. १५५/६५ आर १३ घेतला तर व्यास ५३२ होतो, म्हणजे गिअरिंग आणि स्पीडोमीटर जवळपास जिथल्या तिथे, रुंदी दहा मिमी जास्त आणि १३ इंचात टायरची निवडही बरी. पण त्यासाठी रिम बदलावी लागते. स्टॉक गटात 'रिम कंपनीच्या मापाचीच' असं लिहिलेलं असेल तर १२ इंचातच चांगला नवा टायर घ्या. अर्धा झिजलेला रुंद टायर घेऊ नका. मातीवर खाचेची खोली महत्त्वाची असते.

दुसरा ब्रेकचा. पुढचे पॅड आणि मागचे ब्रेक लायनर नवे. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर उघडून बघा, रबराखाली ओल दिसली तर तेही बदला. ब्रेक ऑइल पूर्ण काढून डॉट ४ भरा. डॉट ३ ची उकळण्याची किमान मर्यादा नवं असताना २०५ अंश, डॉट ४ ची २३०. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं झालं की डॉट ३ ची मर्यादा १४० वर येते, डॉट ४ ची १५५ वर. तीन-चार वर्षांचं ऑइल असलेल्या गाडीचं पेडल दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत फरशीला टेकतं ते यामुळेच. पाऊण ते एक लिटर आणा आणि मॅन्युअलमधल्या क्रमाने चारही चाकांच्या ब्रेकमधून हवा काढा. डॉट ३ आणि ४ एकमेकांत चालतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात घालू नका.

तिसरं, शॉकअप गळत असतील तर मूळ मापाचेच नवे, आणि इंजिन माउंटिंग. माउंटिंग फाटलं असलं की गिअर बदलताना इंजिन डोलतं आणि दुसरा गिअर ऐन वेळी सापडत नाही. चौथं, व्हील अलाइनमेंट. पुढचा टो (वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्यावर ठेवा. कॅम्बर बोल्टने चाकं वरून थोडी आत झुकवता येतात आणि डांबरावर त्याचा मोठा फायदा होतो, पण बऱ्याच नियमपत्रांत तो सुधारित गटातला बदल धरतात. वाचून मगच घ्या.

फुकटातलं एक काम. डांबरी ट्रॅकवर टायरच्या खांद्यावर, तुडवी (ट्रेड) आणि बाजूची भिंत मिळते तिथे, पांढऱ्या खडूने तीन-चार रेघा ओढा. फेरी झाली की बघा. खडू भिंतीवरूनही पुसला गेला असेल तर टायर आडवा होतो आहे, दोन पीएसआय वाढवा. खांद्यापर्यंतही पुसला नसेल तर हवा जास्त आहे. हिवाळी सकाळी भरलेली हवा दुपारी वाढलेली असते, दर सहा अंशांना साधारण एक पीएसआय. प्रत्येक फेरीआधी मोजा, आणि गेज घरचाच वापरा. मुरमावर मात्र हवा फार उतरवू नका, टायर रिमवरून सुटतो.

डिकी रिकामी करा. सुटं पाणी-बाटलीसुद्धा गाडीत नको. स्टेपनी काढायची का, हे नियमपत्र सांगेल. टाकीत दहा-बारा लिटर पेट्रोल ठेवा. वीस लिटर कमी म्हणजे पंधरा किलो वजन फुकटात उतरलं. त्याहून कमी ठेवलं तर लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला सरतं आणि इंजिन आचके देतं. उरलेले पैसे फुल-फेस हेल्मेट आणि प्रवेश फीसाठी.

प्रश्न : २०१२ ची डिझेल स्विफ्ट, १२४८ सीसी. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रीमॅप केला, म्हणजे ताकदीसाठी त्याचं प्रोग्रॅमिंग बदललं, तर गट बदलतो का? आणि मित्राची १.० टर्बो पेट्रोल पोलो माझ्याच गटात कशी येत नाही? (हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : टर्बो गाडीचे सीसी जसेच्या तसे धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय संघटना फिया हिच्या नियमांत टर्बो पेट्रोलला १.७ आणि टर्बो डिझेलला १.५ ने गुणायची पद्धत रुळलेली आहे. तुमच्या आयोजकाने तोच गुणक घेतला असेल तर तुमचे १२४८ चे १८७२ होतात आणि मित्राचे ९९९ चे १६९८. मर्यादा मध्ये कुठे पडते त्यावर दोघं एकत्र की वेगळे हे ठरतं. नियमपत्रात गुणक लिहिलेला नसेल तर लेखी विचारून घ्या.

रीमॅपने सीसी बदलत नाहीत, पण स्टॉक गटातून तुम्ही बाहेर पडता. अमेरिकेतल्या नासामध्ये (ही अंतराळवाली नव्हे, हौशी मोटार शर्यतींची संघटना) टाइम ट्रायलचे गट वजन आणि ताकदीच्या गुणोत्तरावर आहेत. तिथे ताकद वाढवली की एकतर वजन वाढवा नाहीतर वरच्या गटात जा. तसा गट आपल्याकडे कुठे मिळाला तर गणित सोपं आहे. ड्रायव्हरसकट गाडी काट्यावर चढवा, डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) आकडा घ्या आणि मर्यादेच्या किंचित आतच थांबा. तुमच्या डिझेलला मात्र रीमॅपआधी क्लच बघा. टॉर्क वाढला की जुनी प्लेट घसरायला लागते, आरपीएम चढतात आणि गाडी तिथेच. पुढचं नाक आधीच जड असल्याने वळणावर गाडी सरळ पळते, आणि जास्त टॉर्कने हा दोष वाढतो. आम्ही तुमच्या जागी असतो तर रीमॅप सोडून टायर घेतले असते.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये गाडी गरम होते. थर्मोस्टॅट काढून टाकला आणि उघडा कोन फिल्टर लावला तर? (वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : दोन्ही नको. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांवर तो उघडतो. तो काढला की इंजिन लवकर तापत नाही, ईसीयूला ते थंडच वाटत राहतं आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, रिंगा झिजतात. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात उकळत ठेवा, सोबत थर्मामीटर. छापलेल्या अंशावर उघडत नसेल तर नवा टाका.

गरम होण्याचं कारण बहुधा दुसरीकडे असतं. एसीचं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये कापसाची रुई, धूळ आणि किडे यांची गादी बसते. दोन्ही सैल करून, इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर मारला तर पत्रे वाकतात. रेडिएटरचं झाकण बघा. ०.९ बारचं झाकण धड असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं, रबर गेलं असेल तर शंभरावरच. बोअरवेलचं पाणी भरू नका, खारपाण पट्ट्यातलं तर मुळीच नाही. निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी.

उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. बाहेर ४५ अंश आणि आत ६५, तर हवा सहा टक्के विरळ. तेवढी ताकद गेली. वर मुरमाची बारीक धूळ, जी रिंगांना पॉलिश पेपरसारखी लागते. मूळ डबा आणि कागदी फिल्टर ठेवा, स्पर्धेच्या दिवसानंतर बदला.

प्रश्न : सराव कुठे करावा? समृद्धीवर पहाटे रस्ता मोकळा असतो. (लोणार, जि. बुलढाणा)

उत्तर : सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहाट असो की मध्यरात्र. शिवाय कलम ५२ प्रमाणे आरसीशी न जुळणारे बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बदललेली गाडी ट्रॅकवर वाहून न्या. साध्या खासगी विम्यात शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, पॉलिसीची 'वापराची मर्यादा' वाचा.

घरचं वावर वापरा. काळ्या मातीच्या भेगांत चाक अडकून रिम वाकते, म्हणून बरड किंवा मुरमाचा तुकडा निवडा. आधी पायी फिरा. पऱ्हाटीची आणि तुरीची खुंटं टायरची बाजू फाडतात. विहीर, धुरा, विजेचा खांब यांपासून चहूबाजूंनी किमान तीस मीटर मोकळी जागा हवी. पाच कोन (प्लास्टिकचे शंकू) पंधरा-पंधरा मीटरवर, पुढे एक पूर्ण वळण, शेवटी थांबायची चौकट. कोन पाडला की स्वतःच्या वेळेत दोन सेकंद मिळवा. दर वेळी एकच गोष्ट बदला, टायरची हवा आणि वेळ वहीत लिहा. फेरी संपली की इंजिन लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा. आणि गाडी वाळक्या गवतावर किंवा कुटारावर उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरने ते पेट घेतं. अग्निशामक सिलिंडर धुऱ्यावर नको, हाताशी ठेवा.