स्टुटगार्टला निघताना भांडुपचं घर विकावं का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात असं, वय ३४, मेकॅनिकल इंजिनियर, स्टुटगार्टच्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय, वर्षाला ६०,००० युरो, जॉइनिंग १ एप्रिल २०२६. भांडुपला वन बीएचके, २०१८ ला ७२ लाखांना घेतलेलं, आज १ कोटी ५ लाखांना गिऱ्हाईक तयार आहे, लोन ३८ लाख बाकी, ईएमआय ४१,०००. हातात ९ लाख, पीपीएफमध्ये ११ लाख. बायको शाळेत शिकवते, २८ हजार पगार, मुलगी चार वर्षांची, आणि आई ६६ वर्षांच्या, तुमच्याकडेच राहतात, गुडघे दुखतात. विचारताय की मार्चच्या आत घर विकून, लोन फेडून, आईला भावाकडे बदलापूरला ठेवून तिघं एकदमच निघावं का.

आधी हे सांगतो की विकायचा विचार वेडगळ नाहीये. कागदावर विकणंच वरचढ दिसतं. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर विकताना इथल्या रहिवाशाला दोन पर्याय आहेत, इंडेक्सेशन (म्हणजे महागाईप्रमाणे जुनी खरेदी किंमत वाढवून धरणं) न घेता नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स किंवा इंडेक्सेशन घेऊन २० टक्के. तुमच्या ७२ लाखांना सरकारी महागाई निर्देशांक लावला, खरेदीच्या वर्षाचा २८० आणि विक्रीच्या वर्षाचा ३७६, तर खरेदी किंमत ९६ लाख ७० हजारांच्या आसपास जाते, म्हणजे नफा उरला साधारण सव्वाआठ लाख आणि टॅक्स पावणेदोन लाखांच्या आतबाहेर. पण एप्रिलमध्ये नोकरीसाठी गेलात की २०२६-२७ साठी तुम्ही एनआरआय, मग इंडेक्सेशनचा पर्याय नाही, सरळ ३३ लाखांवर १२.५ टक्के, सेस धरून सव्वाचार लाखांच्या वर. वर आणि घेणाऱ्याने तुमचा टीडीएस एक टक्का नाही, चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात कापायचा, तोही नफ्यावर नाही तर पूर्ण किमतीवर, म्हणजे पंधरा लाखांच्या आसपास रक्कम रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत अडकली. आयकर खात्याकडून कमी टीडीएसचं सर्टिफिकेट आधी काढता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक थांबत नाही.

एवढं असूनही माझं मत, मार्चमध्ये विकू नका.

कारण प्रोबेत्साइट. जर्मनीत पहिले सहा महिने बहुतेक नोकऱ्यांना प्रोबेशन असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिसवर कंपनी काढू शकते. तुमच्या लेटरमध्येही सहा महिनेच लिहिलेत असं तुम्ही म्हणता. स्टुटगार्ट म्हणजे गाड्यांचं शहर, आणि तिथल्या वाहन उद्योगात मागच्या दोन वर्षांत मोठ्या नोकरकपातीच्या घोषणा झाल्यात. तुम्ही हुशार आहात, टिकालही, पण ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी कामगारांचा तिथला राहण्या-कामाचा परवाना) हातात असलं तरी नोकरी गेल्यावर नवी शोधायला वेळ मोजकाच मिळतो. समजा ऑगस्टमध्ये परत यावं लागलं तर? १ कोटी ५ लाखातून लोन, टॅक्स, दलाली जाऊन ६४-६५ लाख उरणार, त्यात भांडुपमध्ये परत घर घ्यायचं तर नवं स्टॅम्प ड्युटी, नवं लोन, आणि नोकरी नसताना लोन देतंय कोण. इंडेक्सेशनचे जे अडीच लाख जातील ती मी सहा महिने परतीचा दरवाजा उघडा ठेवायची फी समजतो, आणि मला ती महाग वाटत नाही. हे मी प्रत्येकाला सांगणार नाही, आई दुसऱ्या घरात राहत असत्या आणि फ्लॅट भाड्याने द्यायचा असता तर मी कदाचित विका म्हटलं असतं, कारण घरमालक एनआरआय झाला की भाडेकरूने भाड्यातून ३० टक्क्यांहून जास्त टीडीएस कापून भरायचा असतो आणि मुंबईत अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर राहणारा माणूस या भानगडीत पडायला तयार होत नाही.

पण तुमच्या घरात आई राहतात. भावाचंही वन बीएचके, त्याची दोन मुलं, तुम्हीच लिहिलंय. ६६ व्या वर्षी ओळखीचा डॉक्टर, शेजारीण, खालचा वाणी हे सगळं एकदम सोडायला लावायचं, तेही तुम्ही लांब जात असताना, हे मला आकड्यांपेक्षा जड वाटतं.

मग पैसे कुठून? सोपं जावं म्हणून एक युरो १०० रुपये धरू. पहिले काही महिने एकटेच जा. ६०,००० वर टॅक्स क्लास एकमध्ये (जर्मनीत पगारातून टॅक्स कापायचे गट असतात, एक हा एकट्या राहणाऱ्याचा) हातात महिना ३,१०० ते ३,२०० युरो येतात. शेअर्ड फ्लॅटमधली खोली ७००, खाणं ३००, प्रवास आणि किरकोळ ३५०, इकडे ईएमआय आणि मेंटेनन्सला ४५०. तरी महिना तेराशे-चौदाशे शिल्लक पडतात. सहा महिन्यांत आठ हजारांच्या आसपास. कुटुंबाच्या घरासाठी तेच लागणार, कारण डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं (ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे हे लक्षात ठेवा) आणि बऱ्याच घरांत किचन ओटासुद्धा नसतो, तो आपण आणून बसवायचा. बायको-मुलगी आल्या की टॅक्स क्लास तीन घेता येतो, हातातला पगार तीनशे-चारशेने वाढतो, आणि बायकोला तिकडे कमाई नसेल तर दोघींचा हेल्थ इन्शुरन्स सरकारी स्कीममध्ये तुमच्याच हप्त्यात बसतो. मुलीचं बालवाडीचं वर्षही मध्येच तुटणार नाही.

आत्ताचे ९ लाख असे वाटा: ३ लाख इथे, म्हणजे सहा महिन्यांचा ईएमआय आणि मेंटेनन्स, पगार अडला तरी हप्ता चुकणार नाही. ६ लाख सोबत, पहिला पगार एप्रिलअखेर येईपर्यंत आणि अडीअडचणीला. वर्षाला १० लाखांपर्यंत बाहेर पाठवलं तर टीसीएसही (पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो टॅक्स) लागत नाही. घरखर्च तुमच्या बायकोच्या पगारात चालतो असं तुम्ही लिहिलंयच. आणि कंपनीला रिलोकेशनचा खर्च मागा, अजून सही केली नाहीये तर आत्ताच, ईमेलवर. लाजू नका.

पीपीएफला हात लावू नका. एनआरआय झाल्यावर चालू खातं मुदत संपेपर्यंत ठेवता येतं, फक्त पुढे वाढवता येत नाही. पीएफही घाईत काढू नका. सेव्हिंग खातं मात्र एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथलं रुपयातलं खातं, करावंच लागतं, आणि इथे लोक हमखास अडकतात, खातं बदललं की ईएमआयचा मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, जुन्यावरच राहतो आणि हप्ता बाउन्स होतो, तर बँकेत स्वतः बसून नवा मॅन्डेट लावून घ्या. मोबाईल नंबर बंद करू नका, सगळे ओटीपी त्यावरच येणार. बायकोच्या नावाने रजिस्टर्ड पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करा, घर विकण्याच्या अधिकारासकट, आणि ती येईल तेव्हा भावाच्या नावाने दुसरी. आईंचा मेडिक्लेम, सोसायटीतलं नॉमिनेशन, टर्म प्लॅनच्या कंपनीला परदेशी जातोय हे लेखी कळवणं, हे फेब्रुवारीतच उरका.

ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही म्हणून तुम्ही क्लासचे पैसे वाचवायचं म्हणताय, ते नका वाचवू. काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात, तिथे जर्मन शिकवतात, तिचं नाव आत्ता घाला. ती शिक्षिका आहे, भाषा आली तर तिकडे तिला काम मिळू शकतं, आणि दुसरा पगार सुरू झाला की भांडुपचा हप्ता तुम्हाला जाणवणारही नाही.

सप्टेंबरअखेर प्रोबेशन संपेल, ऑक्टोबरात परत लिहा. तेव्हा आईंना काय हवंय तेही विचारून लिहा, पत्रात त्यांचं म्हणणं कुठेच दिसलं नाही.