‘देवी काढणे’ म्हणजे नेमकं काय?

विट्याहून एका ताईंनी विचारलंय : “आजी दंडावरचे वण दाखवून म्हणते, ‘माझ्या लहानपणीच देवी काढल्यात.’ देवी हा रोग, मग ‘काढल्या’ म्हणजे तो अंगातून बाहेर काढला असं समजायचं का? की आजीचं चुकतंय?”

आजीचं काहीही चुकत नाही. उलट हा प्रयोग इतका नेमका आहे, की तो मागे पडतोय याची मला खंत वाटते.

घोळ ‘काढणे’मुळे होतो. काटा काढतो तेव्हा तो आपण बाहेर टाकतो. पण रांगोळी काढतो, विहीर काढतो, दुकान काढतो, तेव्हा नसलेली गोष्ट आणतो. आपल्या साताऱ्याकडचंच उदाहरण घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढं गावोगाव शाळा काढल्या. ‘देवी काढणे’तलं काढणं हे या शाळा काढण्याच्या जातीचं. दंडावर मुद्दाम एक फोड उठवायचा, म्हणजे अंगभर देवी येण्याचं संकट टळतं. आपोआप येतात त्या ‘आल्या’, माणसानं आणल्या त्या ‘काढल्या’. एका क्रियापदानं केवढा फरक सांगितला!

अनेकवचनही लक्षात घ्या. देवळातली देवी एक, म्हणून ‘देवी आली’. रोगातल्या देवी म्हणजे अंगावरचे फोड, म्हणून ‘देवी आल्या’, ‘देवी निघाल्या’. कांजिण्यांचंही तसंच. गोवर मात्र एकटाच निघतो.

आता ‘लस’. गुडघा खरचटला की रक्त थांबल्यावर जे पिवळसर, चिकट पाणी सुटतं, त्याला आपण लस म्हणतो. शाळेच्या पुस्तकातली ‘लसिका’ हीच. १७९६ च्या मे महिन्यात एडवर्ड जेन्नर या इंग्लिश डॉक्टरनं एका गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या सौम्य देवीच्या, फोडातलं पाणी घेऊन आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडाला टोचलं, ते शब्दशः लसच होतं. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला पहिली टोचणी झाली. तिच्यासाठीची लस इराकमधल्या बसऱ्याकडून आली होती. बर्फाची सोय नव्हती, म्हणून एका मुलाच्या दंडावरचा फोड आठव्या दिवसाच्या सुमारास भरला की त्यातली लस दुसऱ्याच्या दंडात, अशी माणसामाणसांतून ती टिकवत. पुढं पाश्चरनं जेन्नरच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सिन’ (मूळ लॅटिन ‘व्हॅका’, म्हणजे गाय) हे नाव इतर रोगांवरच्या टोचण्यांनाही दिलं. इंग्रजीनं गाय धरून ठेवली, मराठीनं फोडातलं पाणी. मला मराठी शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण तो डोळ्यांनी पाहून ठेवलेला आहे.

माझ्या आत्याच्या दंडावर असे दोन वण आहेत, रुपयाएवढे, मधे खोलगट आणि कडेला चुण्या पडलेले. दातेरी चकती दंडावर टेकवून पीळ द्यायचे, असं ती हाताची मूठ फिरवून दाखवते. खपली पडायला तीनेक आठवडे लागत.

एक गल्लत मात्र टाळा. चाळिशीच्या आतल्या लोकांच्या डाव्या दंडावर जो एकच लहान वण दिसतो, तो देवीचा नव्हे, बी.सी.जी.चा. ती लस क्षयाची. देवीचा विषाणू, क्षयाचा जिवाणू. भारतातली देवीची शेवटची स्थानिक रुग्ण मे १९७५ मधली, आणि १९८० साली देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. त्यामुळं या मंडळींनी ‘माझ्या देवी काढल्यात’ म्हणू नये, ‘लस टोचली’ म्हणावं. पोलिओचे थेंब टोचत नाहीत, तिथं ‘पाजली’ किंवा ‘दिली’.

ताई, आजींना एवढं विचाराल का, की टोचायला येणाऱ्या माणसाला त्यांच्या गावात काय म्हणायचे? आमच्याकडं ‘देवी डॉक्टर’ म्हणत. आटपाडी-जतकडं वेगळा शब्द असेल तर तो मला टिपून ठेवायचाय.