पित्ताची गोळी आणि मोडलेले मनगट

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. छातीत जळजळते म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांना पॅन्टोप्राझोल लिहून दिले होते. तेव्हापासून चहाच्या डब्याशेजारच्या पाकिटातली एक गोळी त्या रोज उपाशीपोटी घेतात. गेल्या महिन्यात ओल्या फरशीवर घसरून त्यांचे मनगट मोडले. या गोळीने हाडे ठिसूळ होतात असे ऐकले. ती आजच बंद करावी का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आजच्या आज बंद करू नका. दीर्घकाळ घेतलेली ही गोळी एकदम थांबवली, की जठरातले आम्ल काही आठवडे उसळून येते, जळजळ पूर्वीपेक्षा वाढते आणि माणूस पुन्हा त्याच पाकिटाकडे वळतो.

तुमची शंका मात्र रास्त आहे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गटातली औषधे वर्षभर किंवा अधिक काळ, अथवा मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांमध्ये खुबा, मनगट व मणक्याच्या अस्थिभंगाचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये दिला होता. आम्ल कमी झाल्याने कॅल्शियमचे शोषण घटत असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. तथापि ही माहिती मुख्यतः निरीक्षणात्मक अभ्यासांतून आलेली आहे, त्यामुळे गोळीच कारण ठरते असे सिद्ध झालेले नाही, आणि एकेका रुग्णाचा वाढीव धोका लहानच असतो.

मला अधिक काळजी वाटते ती त्या मनगटाची. उभ्या उभ्या घसरून हाड मोडणे ही या वयात अस्थिविरळतेची (हाडे विरळ व ठिसूळ होण्याची) खूण असू शकते, म्हणून प्लास्टर निघाल्यावर विषय संपला असे समजू नका. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची रक्तचाचणी करून घ्या. कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या चालू असतील तर त्या जेवणासोबत द्याव्यात. कॅल्शियम सायट्रेट या प्रकाराला शोषणासाठी आम्लाची तितकी गरज लागत नाही.

डॉक्टरांना एवढेच विचारा, की ही गोळी आज नेमकी कशासाठी चालू आहे. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, अन्ननलिकेला व्रण असेल किंवा पूर्वी जठरातून रक्तस्राव झाला असेल, तर ती घेत राहणेच बहुधा हिताचे ठरते. तसे काही नसेल, तर मात्रा निम्मी करून, मग एक दिवसाआड देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू सोडवता येते. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवले, उशाकडची बाजू थोडी उंच केली, तर या काळातली जळजळ पुष्कळ सुसह्य होते.