दूतावासाचं इंग्रजी रशियनमध्ये नेताना

प्रश्न: रशियनच्या ॲडव्हान्स कोर्सला आहे. वकिलातीच्या पत्रातलं 'प्रेझेंट्स इट्स कॉम्प्लिमेंट्स' शब्दशः करायचं का? आणि करारातल्या 'शॅल'चं काय?

उत्तर: शब्दशः अजिबात नको. रशियन डिप्लोमसीची स्वतःची ठरलेली वाक्यं आहेत, तीच वापरायची. 'नोट व्हर्बाल'ची, म्हणजे वकिलातीच्या औपचारिक पत्राची, सुरुवात 'स्विदेतेल्स्तवूयेत स्वयो उवझेनिये' म्हणजे आदर व्यक्त करते, मग 'इमेयेत चेस्त', सन्मान आहे की अमुक कळवतो, आणि शेवटी 'अश्युअरन्सेस ऑफ हायेस्ट कन्सिडरेशन'च्या जागी 'अतिशय उच्च आदराची ग्वाही'वालं वाक्य, ही सगळी अक्षरशः पाठच करून टाका. निषेधाच्या नोटमध्ये हा शेवट कधीकधी मुद्दाम गाळतात, तेव्हा मूळात नसेल तर तुम्ही सवयीने घालू नका, त्या गाळण्यालाही अर्थ असतो.

'शॅल'साठी रशियन करारात बहुतेक वेळा साधा वर्तमानकाळच येतो. 'शॅल एंटर इंटू फोर्स' म्हणजे 'व्स्तुपायेत व सीलू' (अमलात येतो), बस. तिथे 'दोल्झेन' (पाहिजे, बांधील) घातलं की वाक्य परकं वाटायला लागतं.

खरी अडचण आर्टिकलची, म्हणजे इंग्रजीतल्या 'अ', 'द'सारख्या शब्दांची, कारण रशियनमध्ये ती नाहीतच. 1967 चा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा 242 नंबरचा ठराव बघा, त्यात इस्रायलने युद्धात व्यापलेल्या भूभागातून सैन्य मागे घेण्याची गोष्ट आहे. इंग्रजीत 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही, फ्रेंचमध्ये 'दे तेरितवार' आहे, ज्यात 'द' असल्यासारखा अर्थ निघू शकतो, आणि सगळा भूभाग की काही भाग यावर वाद आजही चालूय. रशियन मजकुरावरून तो सुटतच नाही. अशा जागी स्वतःहून 'सगळे' किंवा 'काही' घालायचं नाही, मूळातली संदिग्धता तशीच ठेवायची.