ओझं कोण वाहत होतं, ते आधी बघ

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे ‘द स्काय अबव्ह, द मड बिलो’ ही १९६१ सालची डॉक्युमेंटरी पाहिली. काही माणसं न्यू गिनीचं जंगल चालत पार करतात. चिखल, जळवा, नद्या, आकाशातून पॅराशूटने पडणारं धान्य, सगळं खरं. तेव्हापासून नीटच्या अभ्यासात मन लागत नाही. मलाही असंच काहीतरी करायचंय, पण एक्सप्लोरर व्हायला कोणता कोर्स करायचा हे कुणालाच सांगता येत नाही. क्लासमध्ये विचारलं तर सगळे हसले. काय करू?

(याच पत्राखाली आईच्या अक्षरात : मॅडम, मुलगी हुशार आहे. एका सिनेमापायी वर्ष वाया घालवेल अशी भीती वाटते. यात पोट भरतं का आणि मुलीच्या जातीला हे झेपण्यासारखं आहे का, एवढं सांगा.)

– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर :

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं आणि ती फिल्म त्याच रात्री पुन्हा पाहिली. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तुझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठी होते, त्यामुळे तुझं मन अभ्यासात का लागत नाही हे मला नीट कळतं. क्लासमध्ये हसले त्यांचं मनावर घेऊ नकोस. तुझा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर एका कोर्सच्या नावात मावत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आधी त्या फिल्मबद्दल. १९५९-६० साली पिएर-दोमिनिक गेसो हा फ्रेंच दिग्दर्शक आणि त्याचे सोबती न्यू गिनी बेटाचा पश्चिम भाग दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत पायी पार करून गेले. हा भाग तेव्हा डच अमलाखाली होता, १९६३ पासून तो इंडोनेशियाकडे आहे. प्रवासाला सात महिने लागले. त्यांच्याबरोबर एक डच अधिकारी होता, वायरलेस सांभाळणारा होता, फोटोग्राफर होता. फिल्मला १९६२ साली सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं.

आणि त्यांच्याबरोबर भारवाहकांची एक लांबच लांब रांग होती. मी विशीत ती फिल्म पाहिली तेव्हा माझं या रांगेकडे लक्षच गेलं नव्हतं. या वेळी मी तेवढंच बघत बसले. त्या काळी हलक्या कॅमेऱ्यात शंभर फुटांची रीळ घालायचे, ती तीन मिनिटंही पुरायची नाही. म्हणजे पडद्यावरच्या एकेका तासासाठी किती डबे लागले असतील याचा हिशेब कर. त्यावर तंबू, वायरलेसचा संच, तांदूळ, औषधं. हे सगळं कुणाच्या तरी पाठीवरून गेलं. पायांत बूट नाहीत, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पेटी डोक्यावर तोलून धरलेली. यांतल्या काहींचा त्या वाटेवर जीवही गेला. मोहिमेच्या म्होरक्याचं नाव मी तुला चटकन सांगू शकले. त्या रांगेतल्या एकाचंही सांगता येत नाही.

हे मी तुझा उत्साह मोडायला लिहीत नाही. तुला या वाटेने जायचं असेल, तर ती वाट कुणाच्या श्रमावर उभी होती हे पहिल्याच दिवशी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट, ‘अज्ञात प्रदेश’. फिल्मचं निवेदन हा शब्द फार सहज वापरतं. अज्ञात कुणाला? त्याच बेटाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, आजच्या पापुआ न्यू गिनीत, कुक नावाची दलदलीची जागा आहे. तिथे लोकांनी दलदलीची जमीन शेतीखाली आणली, याच्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. २००८ पासून ती जागा जागतिक वारसा आहे. ज्या बेटावरची माणसं इतक्या पूर्वी शेती करत होती, तिथे कॅमेरा घेऊन गेलेला माणूस ‘शोध लावला’ म्हणतो तेव्हा तुझ्या कानाला ते खटकायला हवं. आज तशी फिल्म करायला परवानगी मिळणार नाही आणि मिळूही नये. आपल्या अंदमानात १९५६ पासून आदिवासींच्या संरक्षणाचा नियम आहे. तिथल्या जारवा जमातीच्या भागात जाऊन त्यांचं चित्रीकरण करणं हा गुन्हा आहे.

त्याच अंदमानातली एक हकिकत तुझ्या आईंनाही वाचून दाखव. १९९१ च्या जानेवारीत भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं पथक उत्तर सेंटिनेल बेटाजवळ गेलं होतं. ज्या लोकांनी बाहेरच्यांवर कायम बाण रोखले, ते त्या दिवशी पाण्यात उतरले आणि सोडलेले नारळ त्यांनी घेतले. पथकात मधुमाला चट्टोपाध्याय होत्या, तरुण संशोधक, पथकातली एकटी बाई. अंदमान-निकोबारच्या इतर जमातींमध्ये त्यांनी त्यानंतरही वर्षानुवर्षं काम केलं. ‘मुलीच्या जातीला झेपेल का’ याचं माझ्यापाशी यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. एक्सप्लोरर नावाची जागा कुठल्याच जाहिरातीत निघत नाही. त्या तांड्यात कुणाचंच काम नुसतं ‘शोधणं’ नव्हतं. एकजण चित्र टिपत होता, एकजण वायरलेस सांभाळत होता, एकाला कागदपत्रं आणि माणसं हाताळता येत होती. प्रत्येकाच्या हातात एक कसब होतं आणि त्या कसबाच्या जोरावर तो तिथे होता. तुझ्या हातात कोणतं असणार, हे तुला ठरवायचंय.

यावर मला रानपिंगळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे छोटं घुबड फक्त मध्य भारतात सापडतं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावाच नव्हता, संपलं असंच लोक धरून चालले होते. एकच नमुना नंतरचा होता, १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी लावलेला, रिचर्ड माइनर्ट्झहेगन या नावाजलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहातला. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले. तो १९१४ चा पक्षी चोरलेला निघाला. एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याने मिळवलेला नमुना नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी चिकटवली होती. म्हणजे त्या चिठ्ठीच्या भरवशावर शोधणारे चुकीच्या जागी शोधत होते. मग खऱ्या नमुन्यांच्या नोंदी धरून त्या आणि त्यांचे दोन सोबती निघाले आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्या शहाद्याजवळ, रानपिंगळा दिवसाउजेडी फांदीवर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. कराडहून एसटीने जाता येईल अशा जागी! त्या शोधाचा अवघड भाग कपाटाच्या खणापुढे बसून झाला होता, जंगलातलं चालणं त्याच्यानंतर आलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बेडकांवर काम करते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तिच्याबरोबर मी आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, एक रात्र काढली. तिथे एक टोड आहे, अंगाच्या कडेला वाघासारखे पिवळे पट्टे असलेला. त्याला शास्त्रीय नाव मिळालं २००९ साली, इतकं अलीकडे. पाऊस सुरू होता. ती जांभ्यावरच्या एका डबक्याशी उकिडवी बसली होती, कपाळावर टॉर्च, मांडीवर वही. वहीत पेन्सिलने लिहीत होती, कारण पेनची शाई भिजली की फराटे होतात. वेळ, पाण्याची खोली, हवेचं तापमान, किती नर ओरडतात. दर अर्ध्या तासाने तेच आकडे. पहाटे चारपर्यंत. तिच्या मोज्यांवर जळवा चढत होत्या आणि ती त्या खाली न बघताच झटकत होती. परत निघताना तिने पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून रेकॉर्डर बंद केला, तो एखाद्या तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा. तुला फिल्ममध्ये जे दिसलं त्याचं आजचं रूप बरंचसं हे असं आहे. हे वाचून तुला कंटाळा आला का? आला असेल तर आत्ताच कळलेलं बरं. आणि ‘त्या डबक्यात पुढे काय झालं’ असं मनात आलं असेल, तर पुढचं वाच.

सध्या बारावी चांगली पार पाड. नीटचा फॉर्म भरला असशील तर परीक्षा दे, पण मार्क कमी पडले म्हणून रिपीटसाठी वर्ष घालवू नकोस. एमएचटी-सीईटी मात्र पीसीबीची नक्की दे. दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे आणि तिचा रस्ता सीईटीतून जातो. दापोलीत तर जंगल, समुद्र, सडे सगळं हाताशी. दुसरा रस्ता साध्या बीएस्सीचा, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन. तो घेशील तेव्हा कॉलेजच्या नावापेक्षा एकच चौकशी कर : इथले कुणी सर किंवा मॅडम स्वतः रानात जातात का? तसा एक शिक्षक मिळाला की तीन वर्षं सोनं होतात. माणसांत, भाषांत जास्त रस असेल तर मानवशास्त्र बघ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्याचा विभाग आहे.

पदवीनंतर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेतली वन्यजीवशास्त्राची एमएस्सी, ही दोन नावं भिंतीवर लिहून ठेव. जागा अगदी मोजक्या असतात, म्हणून प्रवेशाच्या जाहिराती पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच बघायला लाग. कॅमेराच खुणावत असेल तर पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट संस्था आहे, तिथे छायाचित्रण आणि ध्वनी यांचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम पदवीनंतर करता येतात. ध्वनीचा विचार जरूर कर. कॅमेऱ्यामागे जायला सगळेच धावतात, रानाचा आवाज नीट टिपणारी माणसं मात्र कमी पडतात.

दरम्यान कृष्णाकाठी राहतेस, त्याचा फायदा घे. प्रीतिसंगमावरचे पक्षी वर्षभर दर रविवारी मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदव. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुट्टीत शिक. बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग-अभ्यास संस्थेचे पक्षी आणि वनस्पतींचे छोटे अभ्यासक्रम असतात. पोहायला येत नसेल तर शिक. पुढे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा मूलभूत कोर्स कर. डोंगरात थकव्याने डोकं कसं चालेनासं होतं, ते तिथे अंगाला कळतं.

आता ताई, थोडं तुमच्याशी. पोट भरतं, पण सुरुवातीला बेताने. प्रोजेक्टवरची कामं वर्ष-दोन वर्षांची असतात आणि दोन कामांमध्ये खंड पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे पीएचडी करताना घरून पैसे मागवावे लागत नाहीत. वनशास्त्र किंवा जीवशास्त्रातली पदवी असली की यूपीएससीतून भारतीय वन सेवा, एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही दारंही उघडी राहतात. तिच्यासारख्याच मुलींनी या खुर्च्या घेतलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. सुरक्षिततेची काळजी वाटते ती बरोबरच आहे. कुठल्याही संस्थेत पाठवण्याआधी तीन गोष्टी सरळ विचारा : फील्डवर मुलींना एकटं पाठवतात का, मुक्कामाच्या तळाशी रोजचा संपर्क कसा राहतो आणि अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे. उत्तर द्यायला जिथे टाळाटाळ होईल, तिथे पाठवू नका. आणि वर्ष वाया जाईल म्हणता, तर वरचा एकही रस्ता बारावीनंतर वर्ष मोडायला सांगत नाही.

मुली, तुला एक काम देते. परीक्षा झाली की ती फिल्म पुन्हा लाव, आवाज पूर्ण बंद करून. निवेदन ऐकू नकोस. हातात वही घे आणि जो जो माणूस दिसेल तो काय करतोय एवढंच लिहीत जा : कुणी पूल बांधतोय, कुणी आग पेटवतोय, कुणी वाट दाखवतोय, कुणी जखम धुतोय, कुणी नुसता उभा आहे. त्यांतलं कोणतं काम तुला स्वतःच्या हाताने करावंसं वाटतं, त्यापुढे खूण कर. ती पानं मला पाठव. मग कॉलेज कोणतं ते आपण तिघी मिळून ठरवू.

तुझी,
मार्गदर्शक ताई